बिनगुठळीचं कस्टर्ड

माझ्या भावोजींनी अडतीस वर्षं लोकांच्या कवळ्या केल्या, पण कुणाच्या तोंडात कधी बोट घातलं नाही. तोंडात बघायचं काम दातांच्या डॉक्टरांचं. डॉक्टर माप घ्यायचे, साचा पाठवायचे, आणि भावोजी घराच्या मागच्या खोलीत बसून त्या साच्यावर मेण चढवायचे, दात रचायचे, घासून चकचकीत करायचे. तयार कवळी डबीत घालून परत जायची. ती लावून तो माणूस हसला की रडला, हे त्यांना कधी कळायचं नाही. गल्लीत त्यांना सगळे ‘बत्तिशी’ म्हणायचे. तोंडावर नाही, माघारी. त्यांना ते ठाऊक होतं. “बरंय की,” ते म्हणायचे, “निदान अख्खी तरी म्हणतात.”

मागच्या खोलीत खिडकीला लागून लांब टेबल होतं. त्यावर स्पिरिटचा दिवा, मेणाच्या गुलाबी पट्ट्या, बारीक चाकू, आणि सगळ्यावर प्लास्टरची पांढरी धूळ. भिंतीवरच्या फळ्यांवर जबडेच जबडे, प्रत्येकाच्या बुडाशी पेन्सिलीनं लिहिलेलं नाव. माझी ताई, म्हणजे त्यांची बायको, आठवड्यातून एकदा ती धूळ झटकायची आणि मोठ्यानं म्हणायची, “या घरात तोंडं दोनशे, आणि बोलणारी मी एकटी!”

खोटं नव्हतं ते. भावोजी दिवसभरात चार वाक्यं बोलले तर खूप. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, फटकळ, हसरी, जिभेला हाड नसलेली. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. मी लग्न केलं नाही. शाळेच्या ऑफिसात कामाला लागले आणि त्यांच्याच इमारतीत एक मजला खाली खोली घेतली. त्यांना मूलबाळ नव्हतं. तेव्हा आमचं कुटुंब तिघांचं, आणि त्यात आवाज एकटीचा.

ताई एकसष्ट वर्षांची असताना तिच्या डाव्या हिरडीशी एक जखम झाली आणि ती भरेना. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला, तोवर बरेच दिवस गेले होते. खालच्या जबड्याचा डावा अर्धा भाग काढावा लागला. उरलेले दात रेडिएशनच्या आधी उपटून टाकले. पुढे सात आठवडे नाकात घातलेल्या नळीतून जेवण. ती घरी आली तेव्हा तिचा चेहरा डावीकडे खचला होता, पावसानं धसलेल्या बांधासारखा. तोंड जेमतेम बोटभर उघडायचं. ओठ त्या बाजूला मिटत नसत, त्यामुळे प, ब, म ही अक्षरं तिच्यापुरती संपलीच. जीभही हवी तिथं पोचत नव्हती. मला हाक मारायची तर नुसता सूर यायचा. एकच शब्द तिला जसाच्या तसा यायचा, आणि तो म्हणजे ‘अहो’.

नळी काढली तेव्हा दवाखान्यात गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी आम्हाला दोघांना समोर बसवून सांगितलं, “पाणी सध्या नको. पातळ पदार्थ चुकीच्या वाटेनं छातीत उतरतो. फार घट्टही नको, तो अडकतो. मऊ, दाटसर आणि एकही गुठळी नसलेलं काहीतरी द्या. कस्टर्ड द्या. दूध, अंडं, साखर, ताकदही मिळेल.”

मी म्हटलं, “मी करत जाईन.”

भावोजी म्हणाले, “मी करतो.”

या माणसानं लग्नानंतर चहासुद्धा स्वतः केला नव्हता. मी ते हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी वर गेले तर ते खरोखरच गॅसपाशी उभे होते. कस्टर्ड पावडरचा डबा उघडा, दूध खळखळ उकळतंय, आणि ते चमच्यानं पावडर थेट त्या उकळत्या दुधात टाकताहेत. जे व्हायचं ते झालं. दुधात पिवळे गोळे तरंगायला लागले, वरून फुगलेले, आत कोरडे. त्यांनी ते चमच्यानं चेचले, गाळले, पुन्हा चेचले, वाटीत काढून ताईला भरवायला बसले. तिसऱ्या चमच्याला तिला ठसका लागला. साधा ठसका नव्हे. तिचे डोळे पांढरे झाले, ओठ निळसर पडले, मी तिला पुढं वाकवून पाठीवर थापट्या मारत राहिले. शेवटी मुगाच्या दाण्याएवढी एक गुठळी बाहेर पडली.

भावोजी हातात चमचा धरून तसेच उभे होते. कपाळावर घामाचे थेंब. ताईचा श्वास जाग्यावर आल्यावर ते खाली बसले आणि जमिनीवरची ती गुठळी बोटानं उचलून बघत राहिले.

“उद्यापासून मी करते,” मी म्हटलं. “हट्ट सोडा.”

त्यांनी मान हलवली. ताईनं उशाजवळची वही ओढली. बोलता येत नव्हतं तेव्हापासून ती वहीत लिहायची, आणि लिहिण्यातही तिचा फटकळपणा गेला नव्हता. तिनं लिहिलं: *यांना स्वयंपाकघरात न्या. मला पण.*

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ताईला खुर्चीवर बसवून स्वयंपाकघराच्या दाराशी नेलं. तिच्या हातात एक पळी दिली. ती टेबलावर पळी आपटून सांगायची: एकदा आपटली की आच कमी, दोनदा आपटली की ढवळत राहा, सारखी आपटत राहिली की सगळं चुकलं, उतरवा. पावडरचा डबा तिनं वहीत फुली मारून बाद केला. चार अंड्यांचे पिवळे बलक वेगळे काढायचे. भावोजींनी पहिलं अंडं फोडलं आणि बलक टरफलाच्या एका अर्ध्यातून दुसऱ्यात असा अलगद झेलला, की ताईची भुवई वर गेली. हात त्यांचा बारीक कामाचाच होता. त्या हाताला स्वयंपाकघर माहीत नव्हतं इतकंच.

बलकात साखर आणि दोन चमचे कॉर्नफ्लोअर घालून फेटायचं. दूध वेगळ्या पातेल्यात तापवायचं, उकळी येऊ द्यायची नाही. कडेला बारीक बुडबुडे दिसले की बंद. मग ते गरम दूध बलकात एकदम ओतायचं नाही, नाहीतर अंडं शिजून त्याचे तुकडे होतात. आधी एक पळी, ढवळा. मग दुसरी पळी, ढवळा. बलकाला कळताच कामा नये की आपण तापतो आहोत. सगळं एक झालं की पुन्हा पातेल्यात, अगदी मंद आचेवर, आणि लाकडी चमचा तळाशी, कडेच्या कोपऱ्यांत, सतत फिरता.

“अस्सं,” भावोजी पुटपुटले. “प्लास्टरसारखंच. एकदम ओतलं की गुठळ्या.” मग ते गॅस सोडून मागच्या खोलीत गेले आणि मेण मऊ करायच्या पाण्यात बुडवायचा थर्मामीटर घेऊन आले.

पळी सारखी आपटायला लागली. ताईनं वहीत लिहिलं: *ते जबड्यांचं आहे. बाहेर!* आणि खाली: *हात थांबवू नका!!* तेवढ्यात तळाशी दूध लागलं, करपल्याचा वास आला, आणि ते सगळं फेकून द्यावं लागलं. पण मी ताईकडे बघितलं तर तिचे खांदे हलत होते. ती हसत होती. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा.

आठवडाभरात त्यांना जमायला लागलं, महिन्याभरात असं जमलं की मी तोंडात बोट घालावं. चमच्याच्या पाठीवर कस्टर्डचा थर घ्यायचा, त्यावर बोटानं रेघ ओढायची. रेघेच्या दोन्ही कडा जाग्यावर राहिल्या, एकमेकींकडे ओघळल्या नाहीत, की उतरवायचं. मग बारीक जाळीच्या गाळणीतून गाळायचं. ते दोनदा गाळायचे. गार होताना वर साय धरते, ती ताईच्या घशाला चिकटायची, म्हणून लोणी लावलेला कागद कस्टर्डला टेकवून ठेवायचे. वाटी घेऊन ते तिच्या उजवीकडे बसायचे, ती मान उजवीकडे कलती करायची, चांगल्या बाजूनं घास उतरावा म्हणून. एक चमचा, मग थांबायचं. गळा हलला की दुसरा. एका वाटीला पाऊण तास. दिवसातून तीनदा.

रेडिएशननं तिची चव गेली होती. गोड तिला पत्र्यासारखं लागायचं. मी एकदा विचारलं, “मग काय कळतं गं तुला त्यातलं?” तिनं लिहिलं: *ऊन आहे आणि टोचत नाही.*

असं चाललं असतं तर चाललं असतं. पण त्या थंडीत एक दिवस भावोजींनी तिला धरून खाली फिरायला नेलं. जिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या बाई भेटल्या, वीस वर्षांच्या शेजारच्या, ताई रोज संध्याकाळी ज्यांच्याशी गप्पा मारायची त्या. त्यांनी भावोजींकडे बघून मान हलवली आणि ताईला विचारलं, “कुणाकडे आलात?” एका क्षणानं त्यांच्या लक्षात आलं आणि त्या रडायला लागल्या. पण बूंद से गयी ती हौदानं येत नाही. ताई जिना अर्धा उतरून परत फिरली. त्या दिवसापासून ती घराबाहेर पडली नाही. कुणी आलं की शालीचा पदर तोंडावर घ्यायची.

भावोजींनी तेव्हाच मनाशी घेतलं असणार. चार दिवसांनी ते दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, कवळी बसवायला खाली हाड हवं, ते अर्धं नाहीच; वरची हिरडी रेडिएशननं इतकी नाजूक झाली आहे की कागदानंही सोलली जाईल. नाद सोडा. भावोजींनी डॉक्टरांचे आभार मानले, घरी आले आणि मागच्या खोलीत स्पिरिटचा दिवा पेटवला.

माप त्यांनी स्वतः घेतलं. अडतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी जिवंत माणसाच्या तोंडात हात घातला, आणि ते तोंड ताईचं होतं. मी दाराशी उभी होते. तोंड बोटभरच उघडत होतं, मापाचा मसाला भरून तोंडात घालायचा सगळ्यात लहान चमचा कापून त्यांनी अजून लहान केला होता. ताईनं खुर्चीचे हात घट्ट धरले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिनं तोंड मागं घेतलं नाही. भावोजी एकसारखं म्हणत होते, “झालं. झालंच आता. झालं बघ.”

त्यानंतर सव्वा महिना ते त्या खोलीतच होते. बाकीची कामं बाजूला पडली, डॉक्टरांची माणसं परत जायला लागली. कस्टर्ड मी करायला लागले. ताईनं माझ्या पहिल्या वाटीनंतर लिहिलं: *तुझ्या हातात वाळू आहे का?* मी दोनदा गाळत नव्हते. ऑफिसची घाई असायची.

कवळी झाली. खोटं कशाला बोलू, सुंदर झाली. जुना फोटो समोर ठेवून त्यांनी तिचा पुढचा किंचित वाकडा दातसुद्धा तसाच वाकडा बसवला होता. वरची बसली. खालची तारेनं वरचीला अडकवायची काहीतरी युक्ती त्यांनी काढली होती. ताईनं ती लावली आणि आरशात बघितलं. गाल थोडा भरला होता. ओठ जवळ आले होते. ती बराच वेळ बघत होती. मग भावोजींकडे वळली आणि दोन्ही ओठ टेकवून, ताकद लावून, “बरं,” म्हणाली. ब आला होता.

भावोजी तसेच मागच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

तीन दिवस तिनं ती लावली. दुखतंय हे तिनं कुणाला सांगितलं नाही. चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, कस्टर्डच्या चमच्याला रक्त लागलं होतं. वरची हिरडी सोलून निघाली होती, खाली टाक्यांच्या जागी भोक पडलं होतं. दवाखान्यात डॉक्टर सगळ्यांदेखत भावोजींना बोलले. ताईला पुन्हा नळी घातली. सोळा दिवस. त्या सोळा दिवसांत तिचं सहा किलो वजन गेलं, आणि मुळात उरलं होतंच किती.

दवाखान्याच्या जिन्यात मी त्यांना गाठलं. रागानं माझं डोकं फिरलं होतं. मी म्हटलं, “हे दात तिला हवे होते, की तुम्हाला?”

ते वळले. कठड्याला धरून हळूहळू खाली उतरले. तो प्रश्न मी विचारायला नको होता. खरा होता म्हणून तर नकोच होता.

ताई घरी आल्यावर तिनंच विषय संपवला. वहीत लिहून त्यांच्यापुढे धरलं: *दात पुरे. कस्टर्ड करा. धाकटीच्या हातचं खाऊन मरायचं नाही मला.* भावोजींनी मागची खोली बंद केली. डॉक्टरांना निरोप दिले की आता काम पाठवू नका. मला वाटलं होतं, ते ती कवळी फोडतील किंवा फेकतील. त्यांनी ती डबीत घातली आणि कपाटात ठेवून दिली.

मग कस्टर्ड हेच त्यांचं काम झालं. सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सहा. दूध वेगळं बघून आणायचे, अंडी उन्हाकडे धरून बघायचे. जायफळाची चिमूट, कधी लिंबाची किसलेली साल टाकून बघायचे; चव नाही तर नाही, वास तरी पोचेल कुठून. एकदा ताईनं मान वर केली, हुंगलं आणि त्यांच्याकडे बघितलं. “लिंबू,” ते म्हणाले. तिनं डोळे मिटून होकार दिला. त्या दिवशी त्यांनी मला मुद्दाम खाली येऊन सांगितलं, “वास कळला तिला.” आणि तेवढंच सांगून परत वर गेले.

सात महिन्यांनी दुखणं उलटलं. या वेळी गळ्यात. डॉक्टरांनी आता काही करण्यासारखं नाही असं सांगितलं, चांगल्या शब्दांत सांगितलं, पण अर्थ तोच. वाटीची अर्धी वाटी झाली. अर्ध्या वाटीचे पाच चमचे झाले, मग तीन. भावोजी मात्र अर्धा लिटर दुधाचंच करत राहिले. मी म्हटलं, “थोडं करा की.” ते म्हणाले, “थोड्या दुधाचं नीट होत नाही, आच धरते.” उरलेलं मी खायचे. टाकून देववत नव्हतं. त्या दोन महिन्यांत ताई वाळत गेली आणि माझे कपडे मला घट्ट व्हायला लागले. एकदा ताईनं माझ्या दंडाला चिमटा काढून त्यांना खुणेनं दाखवलं. आम्ही तिघं हसलो.

शेवटचा आठवडा ती दवाखान्यात होती. गिळणं जवळजवळ थांबलं होतं. तरी भावोजी रोज दुपारी घरी जायचे, कस्टर्ड करायचे आणि डब्यात घालून, डबा टॉवेलात गुंडाळून घेऊन यायचे. एक थेंब तिच्या ओठाला लावायचे. मंगळवारी ते असेच घरी गेले होते आणि मी तिच्याजवळ बसले होते. दीड वाजला असेल. तिनं डोळे उघडले, दाराकडे बघितलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, “अहो.” मी म्हटलं, “येताहेत गं, येतीलच.” त्यानंतर चारपाच श्वास झाले असतील.

ते आले तेव्हा मी वॉर्डाच्या दाराशीच उभी होते. माझा चेहरा बघून त्यांना कळलं. त्यांनी विचारलं, “कधी?” मी सांगितलं. ते म्हणाले, “आज दूध उशिरा तापलं.” मग बाकावर बसले. सगळे कागद होईपर्यंत, सह्या होईपर्यंत, तो गुंडाळलेला डबा त्यांच्या मांडीवर होता. तिनं हाक मारली होती हे मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही. अजूनही नाही सांगितलेलं.

याला आता दीड वर्ष झालं. मागची खोली बंदच आहे. त्यांनी पुन्हा कवळ्यांचं काम धरलं नाही, आणि पुन्हा गॅसही पेटवला नाही. संध्याकाळी माझ्याकडे जेवायला येतात. आम्ही फार बोलत नाही. मला बोलायला ताई लागायची, त्यांना ऐकायला.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी जेवता जेवता ते अचानक म्हणाले, “तिनं मला दाखवलं होतं.”

“काय?”

“तोंड. अगदी सुरुवातीला. टेबलावरचा दिवा धरा आणि बघा म्हणाली, आत काहीतरी टोचतंय. मी काम करत होतो. म्हटलं, डॉक्टरकडे जा, मी तोंडात बघत नाही.” ते ताटाकडे बघत होते. “रागावली. म्हणाली, दुनियेचे जबडे बघता आणि माझं तोंड बघायला वेळ नाही. मग हट्टानं चार महिने गेलीच नाही कुणाकडे.”

दवाखान्याच्या जिन्यात मी त्यांना जे बोलले होते, ते मला आठवलं. आणि मग, इतके दिवस मी जे कुणालाच सांगितलं नव्हतं, ते माझ्या तोंडून निघालं.

“मलाही म्हणाली होती, भावोजी. त्याच सुमारास. जिन्यात भेटली, म्हणाली हिरडीला काहीतरी झालंय. मला ऑफिसला उशीर होत होता. मी म्हटलं, मिठाच्या पाण्यानं गुळण्या कर.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता तेही मला तसलंच काहीतरी विचारतील.

“गुळण्या केल्या होत्या तिनं,” ते म्हणाले. “रोज करायची.”

पुढं कुणीच जेवलं नाही. ते उठले, हात धुतले, आणि वर गेले. त्यानंतर तीन दिवस आले नाहीत. मी वर जाऊन दार वाजवावं असं दहादा मनात आलं, आणि दहादा पहिल्या पायरीवरून परत फिरले. चौथ्या दिवशी सात वाजता आले, नेहमीच्या खुर्चीवर बसले, वाढलं ते सगळं खाल्लं. जाताना दारात थांबून म्हणाले, “उद्या सहालाच येतो. संध्याकाळी दिवे जाणार आहेत असं खाली फळ्यावर लिहिलंय.”

“या,” मी म्हटलं.